काचेवरचा साबण

सासऱ्यांची आंघोळ उरकली की सुनेला सकाळचा चहा नकोसा व्हायचा. शॉवरच्या काचेच्या दारावर पांढरट, चिकट थर, त्यातून निथळणारे ओघळ, आणि ओघळात अडकलेला एखादा पिकला केस. खालच्या रबरी पट्टीत तर काळी बुळबुळ साचलेली. जुन्या टूथब्रशने ती रोज खरवडावी लागायची. शिसारी म्हणजे काय हे कोणाला पाहायचंच असेल, तर त्याने खुशाल या बाथरूममध्ये यावं आणि येताना ब्रश घेऊन यावा.

पूर्वी इथे पडदा होता. बाबांचा तोल गेला, त्यांनी पडदा धरला आणि पडद्यासकट आपटले. मग नवऱ्याने आरपार दिसणारी काच बसवली आणि आत धरायला दांडा लावला. "पुन्हा पडले तर हाड जुळणार नाही, आंघोळीच्या वेळी कोणीतरी लक्ष ठेवा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा उजाडताच कामाला जायचा, तेव्हा ते 'कोणीतरी' कोण हे वेगळं ठरवावंच लागलं नाही. सून बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसू लागली.

बाबा बाहेर आले की तिची पाळी. व्हिनेगर शिंपडून थर मऊ होऊ द्यायचा, स्पंजने घासायचा, धुवायचा, वायपर वरून खाली ओढायचा, कडा कोरड्या फडक्याने टिपायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चिखल.

"बाबा, शेवटी नुसता वायपर फिरवा ना. तुमच्या हाताशीच अडकवलाय."

"बरं," बाबा म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

"म्हातारं माणूस आहे, घे समजून," नवरा उंटावरून शेळ्या हाकायचा.

"समजून मी घेते. घासायला तू ये."

एकदा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साबण अंगाला लावता की काचेला? मला अक्षरशः ओकारी येते हो!" त्याच दुपारी तिने दुकानातून काचेला चोळायचं द्रावण आणलं. ते लावलं की काचेवर पाणी ठरत नाही, साबण धरत नाही. तिने दातओठ खाऊन काच चोळली. काच आहे की नाही अशी शंका यावी इतकी ती लख्ख झाली.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "आज नको, सर्दीसारखं वाटतंय." मग, "उद्या बघू." आठवडा होत आला. त्यांच्या खोलीतून आंबूस वास यायला लागला, बनियनची कड पिवळी पडली. ताट ठेवायला जाताना ती श्वास रोखून धरायची. म्हातारा मुद्दाम सूड उगवतोय, याबद्दल तिची खात्रीच पटली.

"आज आंघोळ झाल्याशिवाय जेवण नाही," शेवटी तिने ठणकावलं.

बाबा मुकाट्याने टॉवेल गुंडाळून आत गेले. शॉवर सोडायच्या आधी त्यांनी खालच्या नळावर साबण ओला केला आणि तळव्याने काचेला चोळायला लागले, छातीपासून गुडघ्यापर्यंत. द्रावणाने साबण धरेना. फेस घसरून खाली यायचा, ते पुन्हा चोळायचे. एका हाताने टॉवेल घट्ट धरलेला, दुसरा काचेवर. दांड्याला हातच नव्हता. पाय फेसात सरकत होते.

ती ओरडणारच होती. पण त्यांचे ते घाईघाईने काच माखणारे हात पाहून थांबली. इतके महिने हा माणूस घाण करत नव्हता, सुनेसमोर अंग झाकत होता. आपण ओकारीचं बोललो ते यांना! तिला स्वतःची किळस आली.

आतून आवाज आला, "दिसतंय का गं काही?"

सगळं दिसत होतं. वाकलेली पाठ, खोल गेलेलं पोट, सुकलेल्या मांड्या.

"काही नाही दिसत, बाबा," ती म्हणाली. "अगदी गढूळ झालीय काच. आता दांडा धरा बघू."

त्यांनी टॉवेल सोडला आणि दांडा धरला. पडू नयेत म्हणून ती शेवटपर्यंत त्यांच्याकडेच बघत राहिली.