हार्लनचा बोया

"ऑरिन, नारिंगी जरा भडक झालाय. हार्लनचा असा नव्हता," शिडीखाली उभी राहून व्हर्ना म्हणाली.

"डबा तोच आहे गं. दुकानही तेच."

"मग हात वेगळा असेल," असं म्हणून ती हसली आणि शेजारच्या थेल्माकडे निघून गेली.

अमेरिकेतल्या मेनच्या या किनाऱ्यावर शेवंडं धरणाऱ्या प्रत्येकाच्या बोयाचे, म्हणजे सापळ्याच्या दोराला बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या ठोकळ्याचे, रंग ठरलेले असतात. समुद्रात कुणाचा सापळा कुठे आहे ते त्यावरूनच कळतं. नारिंगीवर पांढरा पट्टा म्हणजे हार्लन, व्हर्नाचा पहिला नवरा. हार्लन बुडाला, त्याचा एक बोया व्हर्नाच्या दाराशी टांगलेला राहिला, आणि दर वसंतात तो रंगवायचं काम तिच्या दुसऱ्या नवऱ्याकडे आलं.

ऑरिन आतल्या बटाट्याच्या मुलखातला, घरोघरच्या हीटरच्या भट्ट्या दुरुस्त करणारा. समुद्रातलं त्याला ओ की ठो कळत नसे. हार्लन मात्र त्याला तोंडपाठ होता. हार्लन थंडीत आधी उठून गाडी तापवून ठेवायचा, व्हर्नाला सीट गार लागू नये म्हणून. तिच्या टोस्टला अगदी कडेपर्यंत लोणी लावायचा. आवाज कधी चढवायचा नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, हे काय ऑरिनला कळत नव्हतं? पण बोलून न दाखवता तो गाडी तापवत आला, लोणी लावत आला. तरी अंधाऱ्या पहाटे इंजिन सुरू करताना शेजारच्या सीटवर बसून कुणीतरी आपल्याला पाहतंय असं त्याला वाटे, आणि तो खरोखरच वळून बघे.

बोयाची जुनी दोरी कुजली होती. ऑरिनने नवी लावली आणि वाऱ्यावर खडखडू नये म्हणून बोयाच्या दांड्याला दोन वेढे देऊन गाठ घट्ट आवळली.

व्हर्ना परत आली ती पायरीवरच थिजली. हातातली अंडी खाली पडून फुटली.

"मी थेट घरीच आले," ती घाईघाईने म्हणाली. "थेल्माकडे फक्त अंडी घ्यायला थांबले. तिथे दुसरं कुणी नव्हतं. हवं तर विचार तिला."

"व्हर्ना? अगं, मी कुठे काय म्हणालो?"

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर बोयावर होती. "गाठ सोड. आधी ती गाठ सोड!"

त्याने सोडली. स्वयंपाकघरात ती टेबलाची कड धरून बसली.

"आपल्या हद्दीत घुसलेल्या दुसऱ्याच्या बोयाला अशी गाठ मारतात त्याचा अर्थ इथलं शेंबडं पोरही सांगेल," ती म्हणाली. "'तुझं लक्षण पाहिलंय, पुढच्या वेळी दोर कापीन.' हार्लन तीच गाठ माझ्या एप्रनच्या बंदाला मारायचा. सकाळी खुंटीवरून एप्रन काढला की कळायचं, संध्याकाळी काय होणार ते."

"पण... गाडी तापवायचा ना तो?"

"किल्ली त्याच्याच खिशात असायची. मी चालत जायचे."

"आणि लोणी?"

"तो बुडाला तेव्हा सगळं गाव जेवण घेऊन आलं. देवमाणूस गेला म्हणाले. मीही म्हणाले. मग म्हटलं, खोटंच बोलायचंय तर मला हवा तसा तरी करू त्याला. तू आल्यावर थांबायला हवं होतं रे. पण मी सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी तू तसंच करायचास. मग थांबवेना."

ऑरिनला संताप आला. इतकी वर्षं ज्याच्यापुढे आपण उणे पडलो, तो माणूस जन्मालाच आला नव्हता. आणि जो आला होता, तो अजून याच घरात वावरत होता. ओरडावंसं वाटलं, पण तिने टेबलाची कड अजून सोडली नव्हती.

"आणि नारिंगी?" त्याने विचारलं.

"ते खरंय," ती म्हणाली. "तुझा भडकच होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीकडे न जाता आधी स्वयंपाकघरात आला. व्हर्ना रोज एप्रन घातला की बांधण्याआधी त्याचे बंद टोकापर्यंत बोटांतून ओढून बघायची. बाई नीटनेटकी आहे, असं त्याला आजवर वाटत आलं होतं.

आज त्याने खुंटीवरून एप्रन काढला. तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही बंद सावकाश बोटांतून टोकापर्यंत नेले.

"नाहीये," तो म्हणाला आणि एप्रन तिच्या हातात दिला.

व्हर्नाने मान डोलावली. तरीही तिने एकदा स्वतःच्या बोटांनी बंद चाचपले, आणि मगच बांधले.