मातीची तोंडं

साहेबराव पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेसवर होता. १९७४ साली त्याला मशिनच्या मागून कुणीतरी हाका मारतंय असं ऐकू यायला लागलं. एका दुपारी तो मशिन चालू सोडून, अंगावरचे कपडे काढून गेटाबाहेर पळाला. शिफ्ट सुटत होती. कामगारांच्या सगळ्या कॉलनीनं पाहिलं.

पावसाळाभर तो मनोरुग्णांच्या इस्पितळात होता. गोळ्या होत्याच, शिवाय मातीकाम शिकवणारे एक मास्तर यायचे. ज्याचा आवाज येतो त्याचं तोंड करून बघा, असं त्यांनी सांगितलं. साहेबरावानं वाकड्या जबड्याचं, डोळे वटारलेलं तोंड केलं. ते समोर ठेवलं की हाक दबते, असं तो म्हणायचा.

घरी येऊन कामावर परत रुजू झाल्यावरही तो रहाटणीच्या ओढ्याची माती आणून तोंडं करत बसे. त्याच्या बायकोला, सरूबाईला, फळीवरची ती रांग बघवत नसे. आधीच ती नळावर आली की बायकांचं बोलणं थांबायचं. त्यात तिचा भाऊ सोपानराव चाकणहून सरूबाईच्या लेकीसाठी स्थळ घेऊन येणार होता. पाहुणे यायच्या दिवशी साहेबराव कामावर गेल्यावर तिनं सगळी तोंडं पोत्यात भरून ओढ्यात टाकली.

संध्याकाळी त्यानं रिकामी फळी पाहिली. पाहुण्यांपुढं नीट बसला, चहा प्याला. ते गेल्यावर मात्र कान दाबून भिंतीकडं वळला. जेवला नाही. सकाळी कामावरही निघाला नाही.

"पुन्हा हाका येत्यात?" तिनं विचारलं.

"येत्यात. पर तुला कशाला सांगू? तुला माझी लाज वाटती."

सरूबाईला मान वर करवेना. नाही म्हणावं तर ते खोटं होतं.

घमेलं घेऊन ती ओढ्यावर गेली. तोंडं विरघळून गेली होती. तिनं काठची माती भरली आणि भर गर्दीत डोक्यावर घेऊन कॉलनीतून निघाली. गढूळ पाणी गालांवर ओघळत होतं. चूल घालायची का, असं शेजारच्या गिरजाबाईनं नळावरून विचारलं. व्हय म्हणून सुटता आलं असतं.

"न्हाई," सरूबाई म्हणाली. "आमच्या मालकांच्या डोक्याचं दुखणं हाय. मातीकाम केलं की त्यास्नी बरं वाटतं."

तिचे कान तापले, पण ती चालत राहिली.

घरी तिनं पुढं ठेवलेल्या घमेल्यात बऱ्याच वेळानं साहेबरावानं बोटं घातली. "खडे लई हायेत," तो म्हणाला. ती खडे वेचायला बसली.

तो पुन्हा कामावर जाऊ लागला. चाकणच्या स्थळाचा निरोप आला नाही, त्याचं दुःख तिनं गिळलं. नवऱ्याच्या नजरेला नजर द्यायला मात्र तिला फार दिवस लागले.