सिमेंटाखालची माती

मित्रांनो, मी एक जुनी मातीची भिंत आहे. न्यू मेक्सिकोच्या डोंगरात लोमा सेका नावाचे गाव आहे, तिथल्या चर्चची उत्तरेकडची बाजू म्हणजे मी. आपली कहाणी सांगताना गोड बोलावे म्हणतात. मला ते जमणार नाही. माझे डोके फिरले आहे.

ओढ्याकाठची माती गावकऱ्यांनी पायांनी तुडवली, तिच्यात गव्हाचे काड मिसळले, विटा पाडून उन्हात वाळवल्या. त्या कच्च्या विटांची मी चांगली दोन हात रुंद उभी राहिले. हिवाळ्यात बर्फ पडे, उन्हाळ्यात दुपारच्या सरी कोसळत आणि दरवर्षी माझा वरचा थर थोडा झिजे. झिजू दे की! त्यासाठीच तर तो होता. सणाच्या आधी बायका जमून मला नव्याने लिंपत. पुरुषांनी माती कालवायची, पाणी वाहायचे. भिंतीला हात मात्र बायकांचाच, अशी तिथली रीत.

यूफेलिया त्यांची म्होरकी. ती तळव्याने लिंपण चढवी आणि मेंढीच्या कातड्याचा ओला तुकडा वरून फिरवी. तोंडाचा पट्टाही चालूच. "अगं, भिंत आहे ती, नवऱ्याची पाठ नव्हे! जोर लाव!" सगळ्या खिदळत. माझा पायथा लिंपायचे काम तिच्या लेकीचे, डेल्फिनाचे. तेव्हा मी सुखात होते. भिजले तरी ऊन पडताच सुकत होते.

मग गाव रोडावले. तरणी माणसे शहरांत गेली. डेल्फिनाही लग्न करून कॅन्ससला गेली आणि तिथे शाळेची बस चालवू लागली. यूफेलिया वारली आणि चर्चची देखभाल तिच्या भाच्याकडे, बोनिफासियोकडे आली. माणूस वाईट नाही. पण "एकदाच सिमेंट मारू, जन्माची ब्याद जाईल," असे म्हणत त्याने माझ्या अंगावर तारेची जाळी ठोकली आणि वर सिमेंटचा गिलावा चढवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जन्माची ब्याद म्हणजे मी बरे का!

सिमेंटला तडे जातात. तड्यांतून पाणी आत शिरते आणि मग त्याला बाहेर पडायला वाट नसते. मी आतून कुजत गेले आणि वरून गुळगुळीत दिसत राहिले. त्यातच हमरस्त्यावर 'ख्रिस्ती वारसास्थळ' अशी पाटी लागली. निवृत्त जोडपी घराएवढ्या गाड्या घेऊन येऊ लागली. माझ्यापुढे उभी राहून फोटो काढत आणि म्हणत, "किती छान ठेवलंय!" डोंबलाचं छान! एकानेही कधी मला हात लावून पाहिले नाही.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक गाडी आली. उन्हाने लाल झालेला हार्लन नावाचा म्हातारा उतरला आणि त्याच्या मागून त्याची बायको. केस पांढरे झाले होते, पण चाल मी ओळखली. डेल्फिना! निवृत्त होऊन दोघे देश बघायला निघाली होती.

"बघ, तुझ्या आईचं चर्च कसं चकाचक आहे," हार्लन म्हणाला. "काढ फोटो आणि चल. अंधाराच्या आत मुक्काम गाठायचाय."

ती माझ्या पायथ्याशी बसली आणि बोटांनी ठोकून बघू लागली. पोकळ आवाज आला. तेवढ्यात किल्ल्या वाजवत बोनिफासियो आला.

"ताई! किती वर्षांनी!"

"बोनी, हे सिमेंट कुणी मारलं?"

"मीच. पक्कं काम! तेव्हापासून हात लावावा लागला नाही."

"ते दिसतंच आहे. हार्लन, गाडीतली पहार दे."

"अगं, वारसास्थळ आहे हे! पोलीस येतील!"

"येऊ देत. माझ्या आईची भिंत आहे. दे इकडे."

तिने पहार घातली. सिमेंटचा पोपडा कोसळला आणि मागून विटांऐवजी काळा चिखल तिच्या बुटांवर ओघळला. बोनिफासियोने आत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो भडकलाच.

"लिंपायला होतं कोण, ताई? तुम्ही सगळे निघून गेलात आणि आता पहार घेऊन आलात! मी एकट्यानं काय करायचं होतं?"

खरे सांगते, त्याचा राग मला पटला. मग डेल्फिनाने घड्याळ काढून नवऱ्याच्या हातात दिले.

"हार्लन, माती कालवशील?"

"मी? मी निवृत्त झालोय!"

"मी पण. म्हणून तर वेळ आहे."

त्यांची सहल तिथेच संपली. मला टेकू लावून त्यांनी सिमेंट उतरवले आणि कुजल्या विटा बदलल्या. हार्लन शिव्या देत माती तुडवत होता. बोनिफासियो पाणी वाहत होता. डेल्फिना दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढून लिंपत होती, अगदी आईसारखी ओरडत. पहिला बर्फ पडायच्या आत काम झाले. "पुढच्या उन्हाळ्यात येते," असे म्हणून ती गेली. बोनिफासियोने मान डोलावली.

मित्रांनो, मान डोलावणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून माझा राग अजून गेलेला नाही. जे आपले आहे त्याला दरवर्षी हात लावावा लागतो. एकदाच करून मोकळे होणे हे तुमच्या सोयीचे, माझ्या नव्हे. आता बर्फ वितळला आहे आणि माझा वरचा थर झिजला आहे. ओढ्याची माती होती तिथेच आहे. फोटो काढायला येणार असाल तर येऊ नका. बाह्या वर करून या.