बाबांच्या वहाणांची वंशावळ

"पुढची पाळी कुणाची, बाबा?" फाटकावरच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

वहाणबाबांनी डोळे मिटले, नाक फेंदारलं आणि बोट थेट माझ्या वहिनीच्या शेडकडे केलं. "चार दिवसांत इथल्या कोंबड्या माना टाकणार! आत जाऊन शांती करावी लागेल."

गर्दी धन्य झाली. गावातल्या तीन शेड अशाच बसल्या होत्या आणि बाबांचा शब्द आजवर खोटा पडलाच नव्हता. बोट दाखवायचं, शांती करायची, चौथ्या दिवशी कोंबड्या आडव्या! आणि लोक म्हणायचे, "बघा, बाबांनी आधीच सांगितलं होतं!" अरे शहाण्यांनो, मग शांती कसली झाली?

दादा गेल्यापासून वहिनीचं घर या पाच हजार कोंबड्यांवर चालतं. ती कुलूप काढायला धावली.

"वहिनी, थांब!"

"भावजी, तुमचं काय जातंय? शेड बसली तर पोरींना काय घालू?"

एवढ्यात जनावरांची डॉक्टरीण कागद फडकवत आली. मागच्याच आठवड्यात तिनं बाबांच्या पायांवर डोकं टेकवलं होतं, तेव्हा मी कपाळावर हात मारला होता.

"बाबा, पाया पडताना मी तुमच्या वहाणांवरून ओला कापूस फिरवला होता. त्याचा निकाल आलाय."

बाबांनी पाय मागे घेतला.

"रोगाचा विषाणू पसरत जातो, तसे त्याच्या जनुकांत बारीक बदल साठतात," ती सगळ्यांना सांगू लागली. "ते ताडून पाहिले की कोण कुणापासून झाला ते कळतं. पहिल्या शेडमधला आजा, दुसरीतला बाप, तिसरीतला लेक. आणि तोच लेक बाबांच्या वहाणांवर सापडला!"

"आम्हा संन्याशांना कसला वंश?" बाबा गरजले.

"तुमचा नाही हो, विषाणूचा. वाढवलात मात्र तुम्ही!"

गर्दी खो खो हसली. मला हसू येईना. शेडच्या दारात जंतुनाशकाचं घमेलं असतं, त्यात पाय बुडवल्याशिवाय आम्ही डॉक्टरणीलाही आत सोडत नाही. बाबांना मात्र चौघांनी उचलून पलीकडे ठेवलेलं, पवित्र पाय ओले नकोत म्हणून. एका शेडला त्या चौघांत मीही होतो. लाज वाटली.

वहिनीनं किल्ली कमरेला खोचली. "बाबा, या आता. शांती राहू द्या."

चार दिवस गेले, पंधरा गेले. वहिनीची एकही कोंबडी दगावली नाही. बाबांचं भाकीत पहिल्यांदाच फसलं, कारण पहिल्यांदाच ते दाराबाहेर राहिले होते.

तेव्हा मंडळी, कुणाचं भाकीत खरं ठरलं तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: सांगितल्यानंतर आणि घडण्याआधी, आत कोण जाऊन आलं?