उपाशीपोटी

मी पळालो. आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाकडून तरी कळण्यापेक्षा बरं.

सकाळचे सहा वाजले होते आणि आठ वाजता माझी डावी किडनी काढणार होते. माझी बायको नीरजा दोन वर्षं डायलिसिसवर आहे. माझी किडनी तिला जुळेना, आणि येरवड्याच्या तालिबला त्याच्या बायकोची, नाजिमाची, जुळेना. अदलाबदल केली की दोन्ही जुळत होत्या. माझी तालिबला, नाजिमाची नीरजाला. "त्यांची किडनी तुझ्या अंगात?" असं मी पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा नीरजानं ऐकवलं, "अहो, तुमची काय सोवळ्यात ठेवलीय?" विषय संपला. तरी कर्वेनगरात सोसायटीत मी 'नात्यातल्याच कुणाची तरी' असं सांगून ठेवलं.

या आजारात पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं, चहा म्हणजे दोन घोट. शेजारशेजारच्या डायलिसिस मशिनवर नीरजा आणि तालिब तासन्‌तास चहाच्याच गप्पा मारायचे. ऑपरेशन झाल्यावर पहिला भरलेला कप कोण पिणार, यावरून भांडायचे.

नीरजाच्या मानेतल्या नळीला दोनदा जंतुसंसर्ग झाला होता. "तिसऱ्यांदा निभावेल असं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. आम्हा दोघा दात्यांना एकाच वेळी टेबलावर घेणार होते. "एकीकडचं झाल्यावर दुसरा पळायला नको," हेही तेच म्हणाले. मी भडकलो. चौतीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली साहेब, एक लेट मार्क नाही!

तर असा मी, दिगंबर, 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून, मनगटावरची हॉस्पिटलची पट्टी बाहीत लपवून, समोरच्या अमृततुल्य चहाच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब जायला नको होता. गेला की ऑपरेशन रद्द. म्हणजे तोंडानं 'नाही' म्हणायची गरजच नाही. चहा प्यायलो हो, विसरलो, म्हातारा माणूस. चांगला विचार करून केलेला हलकटपणा होता तो. एका दमात कप रिकामा केला, जीभ भाजली.

कप ठेवायला वळलो तर कोपऱ्यात बुरखा घातलेली एक बाई, हातात भरलेला कप. मनगटावर माझ्यासारखीच पांढरी पट्टी.

"काका?" नाजिमा म्हणाली.

दोघंही चोर. आधी तीच बोलली. "पोरी लहान आहेत हो काका. तालिब रिक्षांची हुडं शिवतो, आता तासभरसुद्धा बसवत नाही त्याला. मी टेबलावरच गेले आणि मागून तोही गेला, तर कुणाच्या दारात उभ्या राहतील त्या? रात्रभर अल्लाकडे मागत होते, मला ताप येऊ दे."

ताप मीही मागितला होता, गणपतीकडे. तिला तसं सांगितलं. मला लहान पोरी नाहीत, काही नाही, मला नुसती मरायची भीती वाटते, हेही सांगितलं. चाळीस वर्षांत बायकोला जे बोललो नाही, ते या बाईला दोन मिनिटांत सांगून बसलो आणि चारचौघांत रडलो.

तिनं डोळे पुसले. हातातला कप गटारात ओतला. "चला काका, जाऊ या. तुम्ही नाही ना प्यालात?"

"छे," मी म्हणालो.

वर वॉर्डात नम्रता सिस्टरनं फॉर्म पुढे ओढला. आधी नाजिमाला विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं?" ती नाही म्हणाली. मग मला विचारलं. मलाही नाहीच म्हणायचं होतं, देवाशपथ. पण पोटातलं फुप्फुसात गेलं तर माणूस टेबलावरच संपतो, असं भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी खरं बोललो तेही भीतीनंच.

"चहा. एक कप."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला. दोन ऑपरेशन थिएटरं, दोन्हीकडचे डॉक्टर, सगळं पुन्हा जुळायला बारा दिवस लागणार होते. बारा दिवस!

नाजिमा बाकावर बसली. मी तिच्यासमोर उभा राहिलो. "शिव्या घाला मला."

"कुठल्या तोंडानं घालू?" तिनं मान वर केली नाही. "मी ओतला तो दुसरा कप होता."

म्हणजे ही बाई पोटात चहा घेऊन आत जायला निघाली होती. मला तिच्याशेजारी बसायचीही लाज वाटली. तरी बसलो.

मग दोघंही पेशंटांच्या तयारीच्या खोलीत गेलो. नीरजा आणि तालिब हिरवे गाऊन घालून तयार होते. मी सगळं सांगितलं, माझा कप, तिचा कप, बारा दिवस. तालिबनं भिंतीकडे तोंड फिरवलं. नाजिमा त्याच्या पायाशी नुसती उभी राहिली.

नीरजा माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ कोरडे पडून फुटले होते. त्यांवरून तिनं जीभ फिरवली.

"आलं घातलं होतं का हो?" तिनं विचारलं.