तेल लावलेलं डांगर

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, कॅमेऱ्याला लावायची. डोंगर किंवा लग्नातली गर्दी टिपायला मला न्याल तर फसाल. माझं काम वीतभर अंतरावरचं. पण तिथे माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

माझी उमेदीची वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात गेली. लोखंडी भागांवरच्या केसाएवढ्या भेगा मी शोधून द्यायचे. साहेब लोक कौतुक करत. मग एके दिवशी कोणीतरी मला मशीन पुसायच्या फडक्यानं खसाखसा पुसलं. काचेच्या कडेला ओरखडा उठला आणि माझी रवानगी खणात झाली. खणातली ती वर्षं आठवली की अजून वाईट वाटतं.

खणातून मला संजनानं सोडवलं. ती नाशिकला भरणाऱ्या गावरान बियाण्यांच्या प्रदर्शनासाठी फोटो काढते. मागच्या हिवाळ्यात आम्ही पेठकडच्या एका पाड्यावर गेलो. तिथे पुतळाबाईंच्या अंगणात, कुडाच्या भिंतीला टेकून, एकट्याला हलणार नाही एवढं डांगर, म्हणजे भोपळा, बसलं होतं. बी त्यांच्या सासूचं, अक्काबाईंचं, वर्षानुवर्षं राखेत घोळवून जपलेलं. सासू आता नाहीत. प्रदर्शनाच्या यादीत या बियाण्याला त्यांचं नाव लागावं, एवढीच पुतळाबाईंची इच्छा होती. त्यासाठी सालीचे आणि देठाचे जवळून फोटो हवे होते.

पण डांगर कसं लखलखत होतं! फोटोवाली येणार म्हणून पुतळाबाईंनी सकाळीच त्याला पुसून खोबरेल चोळलं होतं.

"फोटो काढायचा तं नटवायला नको?" त्या म्हणाल्या. "पोरांना नाय का आपण तेल लावत?"

संजनानं फोटो काढून पाठवले. यादी करणाऱ्या योगिनीताईंचा लगेच फोन आला. "अगं, साल कुठाय? वरची भुकटी पुसली गेलीय, नुसती चकाकी दिसतेय. हे जुनं बियाणं आहे हे ओळखायचं कशावरून? दुपारी यादी बंद होतेय."

पुतळाबाई मटकन खाली बसल्या. "सासूनं इतकी वर्सं जपलं, अन् म्या एका सकाळीत घालवलं."

मला त्यांची फार कणव आली. माझाही घात पुसण्यानंच झाला होता ना!

संजना डांगराच्या मागे वाकली. "मावशी, भिंतीकडे तुमचा हात पोचला होता का?"

"कुठं पोचतो? लय मोठं हाय ते."

मग पुतळाबाई आणि त्यांचे यजमान बुधाबाबा यांनी खाली पोतं सरकवून, देठाला धक्का न लावता डांगर फिरवलं. ऊन तिरपं येत होतं. संजनानं मला अगदी जवळ नेलं आणि मी कामाला लागले. सालीवरची पांढरी भुकटी, खरबरीत गाठी, त्यांच्यामधल्या जाळीदार रेघा, देठाच्या पाच धारा. एकही गाठ मी सोडली नाही.

प्रदर्शनात तो फोटो दाराएवढा मोठा करून लावला होता. खाली लिहिलं होतं, 'अक्काबाईंचं डांगर'. पुतळाबाईंनी फोटोतल्या एका गाठीवर बोट फिरवलं. ती गुळगुळीत लागली तशा त्या हसल्या आणि पदरानं डोळे टिपले.

तेव्हा मित्रांनो, आम्हा लेन्सांना पुसताना आधी फुंकर मारा आणि मग मऊ कापड घ्या. बाकी काहीही पुसण्याआधी मात्र जरा थांबा. पुतळाबाईंचं यंदाचं डांगर धुळीनं माखून आमची वाट बघतंय.