यशोधराचं अधांतरी पाऊल

मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीत २००९ साली मोबाइलवर इंटरनेट यायचं ते पाणी जायच्या वेळी नळ गळतो तसं. खोटं वाटत असेल तर तळमजल्यावरच्या कौसाबाईला विचारा. तिच्या मुलाने, सम्यकने, मस्कतहून नातीचा व्हिडिओ टाकला होता. यशोधरा पहिल्यांदाच चालत होती. पोरीने पाय उचलला आणि चित्र थांबलं. वर नुसती चकती फिरत राहिली.

कौसाबाईने फोनखाली तळहात धरला. "पडली म्हणजे?"

संध्याकाळपर्यंत हात तसाच. भाकऱ्या शेजारच्या गंगूने थापून दिल्या.

शेवटी चेअरमन अण्णा आले. सोसायटीचं पाणी तेच सोडायचे, त्यामुळे दुखणं त्यांना लगेच कळलं. "प्रेशर नाही. सगळे एकदम खेचतात, तळमजल्याला काय उरणार?"

"तळमजल्याला तर पाणी आधी येतं, अण्णा," गंगू म्हणाली.

"हे टॉवरवरून येतं. वरचे आधी पितात."

त्यांनी वेळा लावून दिल्या. ए विंग सकाळी, बी विंग दुपारी, बाकीच्यांचे फोन बंद. तरी पाऊल खाली येईना. मग अण्णांनी पाणीकपातीतला उपाय काढला. सम्यकला सांगून व्हिडिओचे तुकडे करवले आणि हंडा भरावा तसा प्रत्येक घराने एकेक तुकडा आपल्या फोनात भरून घेतला.

रविवारी सगळे फोन धरून जिन्यात ओळीने उभे राहिले. गुडघ्यांपायी पहिला मजलाही न चढणारी कौसाबाई चौथ्यावर गेली. पोरगी निघाली. या फोनातून त्या फोनात ती चालतेय, शेजारून आजी पायऱ्या उतरतेय. गंगूने फोन उलटा धरला होता, तिथे पोर छतावरून चालली.

"सरळ धर गं, घेरी येईल तिला."

शेवटचा तुकडा तळाशी अण्णांकडे. त्यांचा फोन बंद.

"तुमचा हंडा, अण्णा?"

"मी चेअरमन आहे. सगळ्यांचं भरल्याशिवाय मी नळाला हात लावत नाही."

पोर पुन्हा एका पायावर.

"आता भरा," कौसाबाई म्हणाली आणि तिने तळहात पुढे केला. सगळ्यांनी आपापले फोन बंद केले. जिन्यात कोणी खोकलंसुद्धा नाही. अण्णांच्या फोनावर चकती फिरली, अडली, पुन्हा फिरली, आणि पाऊल खाली आलं ते थेट आजीच्या हातावर.

पाच बोटांचा ठसा अजून आहे. बघायला यायचं तर अण्णांना विचारून या. ए विंगला सकाळची वेळ आहे.